‘असा संपादक आठवडाभर जगला नसता’ म्हणे!

जुन्या अमेरिकी वेस्टर्न मालिकांच्या गप्पा निघाल्या आणि त्यात ‘जेफरसन ड्रम’चं नाव आलं, की पाठोपाठ एक वाक्य येतंच. “कल्पना चांगली आहे हो, पण खऱ्या वाइल्ड वेस्टमध्ये बंदूक न चालवणारा संपादक आठवडाभर जगला नसता.” मग कुणीतरी त्याला पुस्ती जोडतं: तिथे कायदा म्हणजे कमरेचं पिस्तूल, गावोगाव रोज एक मुडदा, आणि अहिंसा वगैरे प्रकार टीव्हीवाल्यांनी मागाहून लावलेलं ठिगळ. ऐकणारे माना डोलावतात. मीही बरीच वर्षं डोलावली. माझं वाइल्ड वेस्ट पुण्यातल्या अलका टॉकीजच्या पडद्यावर घडलेलं. तिथे छापखाना दिसायचा तो फक्त खलनायकाने काचा फोडण्यापुरता.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एप्रिल १९५८ मध्ये अमेरिकेत एनबीसीवर ती सुरू झाली. अर्ध्या तासाचे २६ भाग, कृष्णधवल. काळ १८५० नंतरच्या दशकातला, गाव जुबिली नावाचं, सोन्याच्या खाणींमुळे वसलेलं आणि बेबंद. जेफरसन ड्रम तिथे वर्तमानपत्र चालवतो आणि बंदुकीआधी लेखणी वापरतो. बायको नाही, पदरात जोई नावाचा लहान मुलगा, जोडीला ल्युशियस कॉइन नावाचा म्हातारा छपाईवाला. ड्रमचं काम जेफ रिचर्ड्सने केलं होतं, जो आधी बेसबॉल खेळायचा. म्हाताऱ्याच्या भूमिकेत सिरिल डेलेव्हांटी. निर्माते गुडसन आणि टॉडमन, म्हणजे टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या खेळांसाठी गाजलेली जोडी. मालिका फार मोठी नव्हती, फार चाललीही नाही. तिची वकिली करायला मी बसलेलो नाही. माझं भांडण त्या वाक्याशी आहे.

आधी ‘आठवडाभर’चंच बघू.

लॉस एंजेलिस, जून १८५५. फ्रान्सिस्को रामीरेझ नावाचा अठरा वर्षांचा मुलगा ‘एल क्लामोर पुब्लिको’ या नावाचं स्पॅनिश साप्ताहिक सुरू करतो. नावाचा अर्थ साधारण ‘जनतेचा टाहो’. त्याआधी तो ‘लॉस एंजेलिस स्टार’च्या स्पॅनिश पानाचं काम करत होता आणि तिथे त्याची सुरुवात झाली होती खिळे (छपाईसाठीचे शिशाचे अक्षर-ठसे) जुळवण्यापासून. सात वर्षांपूर्वीपर्यंत हा सगळा मुलूख मेक्सिकोचा होता. १८४८ च्या तहानंतर तो अमेरिकेकडे गेला आणि स्पॅनिश बोलणारी माणसं आपल्याच अंगणात परकी झाली. जमिनीची कागदपत्रं सिद्ध करता करता घराणी कर्जात बुडाली. चोरीचा नुसता संशय आला तरी एखाद्या मेक्सिकन माणसाला जमावाने झाडाला लटकवणं हे काही फार आश्चर्याचं राहिलं नव्हतं. रामीरेझ नेमकं यावरच लिहीत राहिला. कायद्यापुढे सगळे समान असं तुमच्याच घटनेत आहे ना, मग फास नेहमी आमच्याच गळ्यात कसा, हा त्याच्या अग्रलेखांचा सूर. आपल्या लोकांनाही त्याने सोडलं नाही. गुलामगिरीविरुद्धही लिहिलं. हे सगळं त्या काळातल्या लॉस एंजेलिसमध्ये, जिथे खून ही खरोखरच नेहमीची बातमी होती.

त्याचं पत्र बंद पडलं ३१ डिसेंबर १८५९ ला. म्हणजे साडेचार वर्षांनी. कशाने? पैसा पुरला नाही. वर्गणीदार थकले, जाहिराती आटल्या. कुठल्याही काळातल्या, कुठल्याही भाषेतल्या छोट्या पत्राला जो रोग होतो, तोच. रामीरेझ स्वतः वारला १९०८ साली, सत्तरी ओलांडून.

दुसरा माणूस ब्रेट हार्ट. पुढे कथाकार म्हणून त्याचं नाव झालं, पण १८६० च्या सुरुवातीला तो तेवीस वर्षांचा होता आणि उत्तर कॅलिफोर्नियात युनियनटाउन (आजचं आर्केटा) या गावी ‘नॉर्दर्न कॅलिफोर्नियन’ नावाच्या साप्ताहिकात काम करत होता. मालक-संपादक बाहेरगावी गेलेले, पत्र याच्या हवाली. २६ फेब्रुवारीच्या पहाटे जवळच्याच हंबोल्ट उपसागरातल्या तुलुवात बेटावर गोऱ्या वसाहतवाल्यांची टोळी उतरली. तिथल्या मूळनिवासी वियोट लोकांचा वार्षिक उत्सव नुकताच झाला होता आणि माणसं झोपेत होती. पुरुष फारसे नव्हतेच. बायका, पोरं, म्हातारे. कुऱ्हाडींनी आणि सुऱ्यांनी त्यांची कत्तल झाली. हल्लेखोर कोण, हे त्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणावरही खटला चालला नाही.

हार्टपुढे सोपा रस्ता होता. दोन ओळींची बातमी लावायची, मालक परत येईपर्यंत गप्प बसायचं. त्याने मथळ्यातच ‘बायकापोरांची कत्तल’ हे शब्द घातले आणि अग्रलेखात गावकऱ्यांच्या तोंडावर त्याला कत्तलच म्हटलं. धमक्या आल्या. महिन्याभरात त्याने गाव सोडलं आणि तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला. म्हणजे जगला, पण त्या गावात राहू शकला नाही. ‘आठवडाभर जगला नसता’वाल्यांना हवं तर मी एवढं देतो: गाव सोडावं लागायचं. ते बेट मात्र २०१९ साली युरेका शहराने वियोट लोकांना परत दिलं.

तिसरं उदाहरण त्यांच्या बाजूचं आहे, तेही लपवत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डेली इव्हनिंग बुलेटिन’चा संपादक जेम्स किंग ऑफ विल्यम. नाव विचित्र वाटतं, पण त्यात गंमत आहे. जेम्स किंग नावाची माणसं फार झाली म्हणून त्याने बापाचं नाव मागे लावून घेतलं. आपल्याकडे हे रोजचंच. आपण त्याला सरळ जेम्स विल्यम किंग म्हटलं असतं. हा किंग आधी बँकवाला. बँक बुडाली, तेव्हा ऑक्टोबर १८५५ मध्ये पत्र काढलं आणि शहरातल्या भ्रष्ट राजकारण्यांना नाव घेऊन झोडायला सुरुवात केली. द्वंद्वयुद्धाचं आव्हान स्वीकारणार नाही, हे त्याने जाहीर करून टाकलं होतं. त्या शहरात, त्या वर्षांत, अब्रूदार माणसाने असं म्हणणं म्हणजे लोकांच्या लेखी भेकडपणाच. १४ मे १८५६ ला त्याने छापलं की जेम्स केसी हा नगर-कारभारी एके काळी न्यू यॉर्कच्या सिंग सिंग तुरुंगात कैदी होता. त्याच संध्याकाळी केसीने त्याला रस्त्यात गाठून गोळी घातली. सहा दिवसांनी किंग गेला.

तर तिघांचा हिशेब असा: एकाला पैशाच्या तंगीने बसवलं, एकाला गावाने हुसकलं, एकाला गोळी लागली. आता बंदूक हातात घेणाऱ्यांचा हिशेब मांडून बघा. ‘आल्टा कॅलिफोर्निया’चा संपादक एडवर्ड गिल्बर्ट. कॅलिफोर्नियाने अमेरिकी काँग्रेसमध्ये पाठवलेल्या पहिल्या प्रतिनिधींपैकी एक. १८५२ च्या ऑगस्टमध्ये जेम्स डेन्व्हर नावाच्या राजकारण्याशी त्याचं छापील भांडण जुंपलं, प्रकरण द्वंद्वयुद्धावर गेलं आणि सॅक्रामेंटोजवळ गिल्बर्ट जागीच ठार झाला. बंदूक होती, हातात होती, रीतसर साक्षीदारही होते. मारणाऱ्याच्या नावाने मात्र पुढे एक अख्खं शहर वसलं. त्या शहराकडे आपण परत येऊ.

मार्क ट्वेनचंही घ्या. १८६४ साली नेव्हाडात व्हर्जिनिया सिटीच्या ‘टेरिटोरियल एंटरप्राइझ’मध्ये असताना त्याने प्रतिस्पर्धी पत्राच्या माणसाला आव्हान देऊन ठेवलं, आणि मग नुसतं आव्हान देणं हासुद्धा तिथे गुन्हा आहे म्हणताना सामान आवरून सॅन फ्रान्सिस्कोची वाट धरली. वाइल्ड वेस्टमध्ये द्वंद्वयुद्धाविरुद्ध कायदा होता, आणि पत्रकार त्याला घाबरून पळत होता. हे मॅटिनीत कुणी दाखवलं नाही.

दुसरा मुद्दा: अहिंसा ही नंतरची कल्पना, १८५० च्या माणसाच्या डोक्यात ती येणंच शक्य नाही. याला दोन बाजूंनी खतपाणी मिळतं. टीका करणारे म्हणतात, टीव्हीने गांधींची नक्कल केली. कौतुक करणारेही तेच म्हणतात, फक्त हात जोडून.

बॉस्टनच्या विल्यम लॉइड गॅरिसनने १ जानेवारी १८३१ ला ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी पत्र सुरू केलं आणि गुलामगिरी कायद्याने संपल्यावरच, १८६५ च्या डिसेंबरात, थांबवलं. १८३५ मध्ये जमावाने त्याला दोर बांधून बॉस्टनच्या रस्त्यांतून फरफटवलं होतं. त्यानंतर तीन वर्षांनी त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अ-प्रतिकाराची एक संस्था काढली. तिच्या जाहीरनाम्यात युद्ध तर नाकारलंच, स्वतःच्या बचावासाठी शस्त्र उचलणंही नाकारलं. जाहीरनामा लिहिणारा खुद्द गॅरिसन, म्हणजे संपादकच. पुढे अर्धशतकाने टॉलस्टॉयने आपल्या पुस्तकात तो जाहीरनामा उद्धृत केला, आणि ते पुस्तक दक्षिण आफ्रिकेत एका तरुण गुजराती बॅरिस्टरच्या हाती पडलं. तेव्हा ‘ड्रम म्हणजे गांधींची नक्कल’ म्हणणाऱ्यांनी प्रवाहाची दिशा एकदा तपासावी.

बॉस्टन म्हणजे पश्चिमेकडची नव्या वस्त्यांची सरहद्द नव्हे, हे मान्य. पण त्याच काळात सरहद्दीवर याच प्रश्नाची परीक्षा झाली होती. एलिजा लव्हजॉय, पाद्री आणि संपादक, आधी सेंट लुइसमध्ये आणि मग मिसिसिपीच्या पलीकडे इलिनॉयमधल्या आल्टनला. गुलामगिरीविरुद्ध लिहितो म्हणून त्याची तीन छपाईयंत्रं जमावांनी मोडली. चौथं यंत्र आलं तेव्हा तो आणि त्याचे मित्र बंदुका घेऊन गोदामात पहाऱ्याला बसले. ७ नोव्हेंबर १८३७ च्या रात्री तो गोळीने मेला आणि चौथं यंत्रही गेलं. गुलामगिरीच्या विरोधकांनी त्याला हुतात्मा मानलं. गॅरिसननेही मानलं, पण त्याने शस्त्र उचललं याचा खेद ‘लिबरेटर’मध्ये छापूनही टाकला. आपल्याच बाजूच्या ताज्या हुतात्म्याबद्दल असं लिहायला काय छाती लागते! हा वाद १८३७ चा. टीव्हीचा जन्म व्हायला अजून जवळपास शतक होतं.

आता ‘गावोगाव रोज मुडदा’. या बाबतीत माझं मत मी स्वतः दोनदा बदललंय.

रॉबर्ट डायक्स्ट्रा या इतिहासकाराने कॅन्ससमधली गुरांच्या व्यापाराची पाच गावं तपासली: ॲबिलीन, एल्सवर्थ, विचिटा, डॉज सिटी, कॅल्डवेल. १८७० ते १८८५ या काळात पाचांत मिळून ४५ खून. म्हणजे गुरांच्या व्यापाराच्या एका हंगामात एका गावात सरासरी दीड. यातलं डॉज सिटी हे नाव पडद्यावर गोळीबाराचं दुसरं नाव झालंय, आणि त्याच डॉज सिटीच्या वेशीवर बंदूक बाळगायला सक्त मनाई असल्याची पाटी होती. ॲरिझोनातल्या टूम्बस्टोनला १८८१ साली झालेला तो जगप्रसिद्ध ओ. के. कोरलचा गोळीबार, ज्यात तिघं मेले, त्याच्या मुळाशीसुद्धा गावाचा बंदूकबंदीचा हुकूमच होता. पोलीस समोरच्यांची हत्यारं काढून घ्यायला निघाले होते.

इथवर वाचून मी खूश झालो होतो. मग कुणीतरी नजरेला आणून दिलं की ही गुरांची गावं. ड्रमचं जुबिली सोन्याचं गाव आहे, आणि खाणगावांचा हिशेब वेगळा लागतो. रॉजर मॅकग्राथने कॅलिफोर्नियातल्या बोडी या खाणगावाची छाननी केली, तेव्हा १८७८ ते १८८२ या काळात ३१ खून निघाले. लोकसंख्या काही हजारांची. हे प्रमाण कुठल्याही मोजपट्टीने भयंकर आहे. शिवाय कॅन्ससच्या गावांतली लोकवस्ती इतकी लहान होती की दीड खून हासुद्धा दरडोई मोठा आकडा ठरतो, असा आक्षेपही इतर अभ्यासक घेतात, आणि तो चुकीचा नाही. तेव्हा ‘वाइल्ड वेस्ट शांत होतं’ असं मी म्हणणार नाही. पण मॅकग्राथचं दुसरं निरीक्षण बघा. बोडीतल्या मारामाऱ्या बहुतेक दारूच्या गुत्त्यांतल्या, तरुण, प्यायलेल्या, एकमेकांना ललकारणाऱ्या पुरुषांतल्या. चोऱ्या-दरोडे त्या मानाने कमी. रात्री दुकान बंद करून घरी जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते पिस्तूल सहसा येत नव्हतं. संपादकाच्या वाट्याला आलं तर ते त्याने काय छापलं त्यामुळे.

आणि इथे मला त्या वाक्याचा खरा राग येतो, कारण त्यामुळे हिंसा चुकीच्या जागी शोधली जाते. माझे वडील खिळेजुळारी होते. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात उभ्याने आयुष्य गेलं. लहानपणी मी एकदा जुळवलेलं पान उचलायला गेलो आणि ते हातून निसटलं. जमिनीवर हजारभर खिळे, कानेमात्रे वेगळे, जोडाक्षरं वेगळी. वडील ओरडले नाहीत. खाली बसले आणि वेचायला लागले. रात्रीचे साडेदहा वाजले. शिशाचा एक एक तुकडा ओळखून आपल्या खणात परत टाकायचा, हे काम ज्याने पाहिलंय त्याला विचारा, जमावाने अख्खा छापखाना नदीत टाकला म्हणजे काय झालं असेल.

कारण तिथे हेच चाललं होतं. १८५५ च्या एप्रिलमध्ये मिसूरीतल्या पार्कव्हिल गावी ‘ल्युमिनरी’ या पत्राचं यंत्र जमावाने मिसूरी नदीत ढकललं. पुढच्याच वर्षी २१ मे १८५६ ला कॅन्ससमधल्या लॉरेन्सवर गुलामगिरीच्या समर्थकांची सशस्त्र फौज चालून आली. तोफा होत्या, निशाणं होती. त्यांनी ‘हेरल्ड ऑफ फ्रीडम’ आणि ‘कॅन्सस फ्री स्टेट’ या दोन्ही पत्रांचे छापखाने फोडले, खिळे नदीत फेकले, हॉटेलवर तोफा डागल्या. दिवसअखेर मेलेल्यांची संख्या एक. तोही हल्लेखोरांतलाच, आणि त्याच्यावर हॉटेलच्या भिंतीचा दगड पडला होता. फौज आली होती ती छापखाना मारायला, आणि तो मारून गेली. १८६८ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वेच्या कामाबरोबर गावोगाव सरकणाऱ्या ‘फ्रंटिअर इंडेक्स’ या फिरत्या पत्राचीही बेअर रिव्हर सिटीला दंगलखोरांनी अशीच वाट लावली. (त्या पत्राचा संपादक कडवा वंशद्वेष्टा होता. त्याच्यासाठी मी रडत नाही, पण खिळ्यांसाठी हळहळतो.)

यंत्र मोडणं म्हणजे काय, हे कळायला ते तिथवर आणायला काय पडायचं ते बघावं लागतं. लोखंडी हातयंत्र, शिशाचे पेटारे, कागदाची रिमं. बोटीने, मग बैलगाडीने, आठवडेच्या आठवडे. कॅलिफोर्नियातलं पहिलं वर्तमानपत्र ऑगस्ट १८४६ मध्ये माँटेरीला निघालं, ते मेक्सिकन राजवटीतल्या एका जुन्या यंत्रावर. खिळे स्पॅनिश. स्पॅनिशला ‘डब्ल्यू’ लागत नाही, म्हणून पेटीत तो नव्हताच. छापणाऱ्यांनी प्रत्येक ठिकाणी दोन ‘व्ही’ शेजारी शेजारी बसवले. कागद मिळाला तो विड्या वळायचा. वडील असते तर ही गोष्ट ऐकून खूश झाले असते. त्यांच्याकडे ‘ळ’ संपला की ते मजकूर लिहिणाऱ्यालाच दुसरा शब्द शोधायला सांगायचे.

जुबिलीत कॉइन म्हाताऱ्याच्या हातात खिळे दिसतात, एवढं श्रेय मालिकेला द्यायला हवं. छपाईवाल्याला नायकाच्या बरोबरीने नाव आणि स्वभाव देणाऱ्या वेस्टर्न मला फार आठवत नाहीत.

आता कौतुक करणाऱ्यांकडे वळतो, कारण चूक त्यांचीही आहे. ‘ड्रम बंदुकीला हातच लावत नाही’ हे खरं नाही. तो आधी लेखणी वापरतो, भांडण टाळतो, पण वेळ आली की हाणामारी करतो आणि गोळीही चालवतो. चालवणारच. १९५८-५९ च्या हंगामात अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या दहा कार्यक्रमांपैकी सात वेस्टर्न होते. त्या गर्दीत अर्ध्या तासाच्या शेवटी एकही पिस्तूल न काढणारा नायक विकायचा कुणाला? त्याला ‘पडद्यावरचा गांधी’ करून टाकलं की मालिकाही कळत नाही आणि गांधीही. शिवाय लेखणीची बाजू घेतली की सगळं आपोआप पवित्र होतं, असा एक समज त्या कौतुकात दडलेला असतो. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं असत्य तेच आहे.

किंगकडे परत चला. द्वंद्व नाकारणारा, गोळीने मेलेला संपादक. पण त्याने छापलं काय होतं? चार्ल्स कोरा नावाच्या जुगाऱ्याने एका सरकारी अधिकाऱ्याला मारलं होतं. हा कोरा जर तुरुंगातून निसटला, तर तुरुंगाधिकाऱ्याला फाशी द्या, आणि लागलंच तर शेरीफलाही लटकवा, असं किंगने ‘बुलेटिन’मध्ये खुलेआम लिहिलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर हजारोंची सशस्त्र ‘दक्षता समिती’ उभी राहिली. २२ मे १८५६ ला, इकडे किंगची अंत्ययात्रा चाललेली असताना, तिकडे समितीने केसी आणि कोरा दोघांनाही फासावर चढवलं. कोर्टाचा निकाल नाही, अपील नाही. किंगने स्वतः कुणावर पिस्तूल रोखलं नाही, हे खरं. पण तो फास त्याच्या शाईतून वळलेला होता. रामीरेझ जे झाडांवर लटकलेले देह मोजत होता, तेही असेच ‘दक्ष’ लोकांनी लटकवलेले.

आणि आता ते शहर, ज्याला गिल्बर्टला मारणाऱ्या माणसाचं नाव आहे. डेन्व्हर. विल्यम बायर्स ओमाहाहून बैलगाड्यांवर यंत्र घेऊन तिथे पोचला आणि २३ एप्रिल १८५९ ला एका दुकानाच्या माळ्यावर त्याने ‘रॉकी माउंटन न्यूज’चा पहिला अंक छापला. त्याच रात्री गावात दुसराही एक पत्रवाला आपला पहिला अंक काढायला धडपडत होता. बायर्सने त्याला साधारण वीस मिनिटांनी हरवलं आणि दुसऱ्याने यंत्र विकून टाकलं. पुढच्या वर्षी बायर्सने गुंडांविरुद्ध लिहिलं, तेव्हा त्यांनी त्याला पिस्तुलाच्या धाकाने कचेरीतून उचलून क्रायटेरियन नावाच्या गुत्त्यात नेलं. गुत्त्याच्या मालकानेच त्याला मागच्या दाराने बाहेर काढलं. मग कचेरीवर गोळीबार झाला, आतून जबाबही गेला, कारण छापखान्यात बंदुका होत्या. बायर्सची ही गोष्ट अगदी मालिकेसारखी आहे, धाडसाची आणि खरी.

तेच पत्र, तोच संपादक. २९ नोव्हेंबर १८६४. कर्नल चिव्हिंग्टनच्या घोडदळाने सँड क्रीकच्या काठी शायेन आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांच्या छावणीवर हल्ला केला. या लोकांना लष्करानेच संरक्षणाचा शब्द दिला होता. दीडशेहून अधिक माणसं मारली गेली, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. प्रेतांची विटंबना झाली. ‘रॉकी माउंटन न्यूज’ने याची गणना लढायांतल्या तेजस्वी पराक्रमांमध्ये केली आणि सैनिकांचं स्वागत केलं. चार वर्षांपूर्वी युनियनटाउनच्या तेवीस वर्षांच्या पोराने जे शब्द वापरले होते, ते डेन्व्हरच्या अनुभवी संपादकाला सापडले नाहीत. सापडले नाहीत म्हणणंही त्याला सवलत देणं झालं. बंदुका दोघांच्याही हातात नव्हत्या, जागाही तीच होती, खुर्चीपुढचं टेबल आणि शाई. बायर्स पुढेही या कत्तलीचं समर्थन करत राहिला.

सँड क्रीकवर त्या दिवशी कॅप्टन सायलस सोल नावाचा एक अधिकारी होता. त्याने आपल्या तुकडीला गोळी न झाडण्याचा हुकूम दिला आणि ती बाजूला ठेवली. मग त्याने काय पाहिलं ते आपल्या वरिष्ठाला पत्राने सविस्तर कळवलं, आणि १८६५ च्या सुरुवातीला चौकशीत शपथेवर सांगितलं. वॉशिंग्टनमध्ये हे प्रकरण उघडं पडलं त्यात या साक्षीचा आणि अशा पत्रांचा मोठा वाटा होता. कत्तलीचं वर्णन त्या गावच्या वर्तमानपत्राने छापायचं सोडून दिलं होतं, ते एका सैनिकाने कागदावर हाताने उतरवलं.

साक्ष दिल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, २३ एप्रिल १८६५ च्या रात्री, डेन्व्हरच्या रस्त्यावर सोलला गोळी घालून मारण्यात आलं. बरोबर सहा वर्षांपूर्वीच्या २३ एप्रिलला, त्याच गावात, माळ्यावर छापलेला ‘न्यूज’चा पहिला अंक ओल्या शाईसकट लोकांच्या हातात पडला होता.